कमलाकांतचं छप्पर

कमलाकांत माहीमचा, मच्छीमार घरातला. होडी विकावी लागली तेव्हा बोईसरला आमच्या कारखान्यात कामाला आला. मी तिथे फिटर होतो, आता निवृत्त आहे. माझ्या हाताखाली पुष्कळ माणसं आली. कामात अंग न चोरणारी थोडी. कमलाकांत त्यांतला.

रसायन बनवायला हायड्रोजन लागायचा. तो लांब नळ्यांच्या गाडीतून यायचा. गाडी उघड्या जागेत लागायची आणि आम्ही दोघं तिचा होज, म्हणजे लवचीक नळी, कारखान्याच्या लाइनला जोडायचो. पावसाळ्यात डोळ्यांत पाणी जायचं, पाना निसटायचा आणि कमलाकांत चिडायचा.

एका रविवारी तो सुट्टी असून आला आणि जोडणीच्या जागेवर छप्पर बांधून गेला. कोणाला विचारलं नाही. पावसाळ्यात होडी शाकारतात तसंच बांधलं होतं. बांबूचा सांगाडा, माडाचे झाप, वर ताडपत्री, तीन बाजू जमिनीपर्यंत बंद. सोमवारी सकाळी मी एकेक गाठ ओढून पाहिली. एकही हलली नाही.

"झकास बांधलंयस," मी म्हटलं. "आता सोड."

"चेष्टा करता काय, दादा?"

"दुपारी गाडी येईल. त्याआधी सगळं खाली हवं. गॅस सुटला तर आत तू असशील."

"गॅस हलका हाय, वर जाईल. तुमीच सांगता."

"वर तुझी ताडपत्री आहे."

"यवढुसा गॅस सुटनार. आत हवा केवढी हाय बगा!"

मी त्याला कॉम्प्रेसरच्या नळीपाशी नेलं. सेफ्टीच्या दीपाली मॅडमनी आम्हाला एकदा एक गोष्ट दाखवली होती. त्या दिवशी कमलाकांत रजेवर होता. मी हवेची धार सोडली. त्याच्या खिशात जाळ्याचा दोरा कायम असायचा. त्या दोऱ्याचं टोक धारेत नाही, धारेच्या बाजूला धरायला सांगितलं. टोक धारेकडे ओढलं गेलं. त्याने खालून धरलं, वरून धरलं. तेच झालं.

"धार भोवतालची हवा आत ओढते," मी म्हटलं. "हायड्रोजनची धारही ओढते. उघड्यावर तिला ताजी हवा मिळते. ती पातळ होत जाते आणि लांब गेल्यावर पेटण्याइतका गॅस तिच्यात उरत नाही. तुझ्या छपराखाली ताजी हवा कुठली? साठलेला गॅसच ती परत ओढणार. मग एक ठिणगी पुरे."

त्याने दोरा गुंडाळून खिशात टाकला.

"सुरी आणू?" मी विचारलं.

"नको. गाठी मी मारल्या, मीच सोडनार."

दोरी भिजून फुगली होती. बांधायला लागली त्याहून जास्त मेहनत सोडायला लागली. मीही हात लावला. नखं दुखायला लागली.

"शकू इचारेल, रयवारी काय केलात? काय सांगू बायकोला?"

"सांग, व्यायाम केला."

शेवटचा झाप खाली आला तेव्हा गाडी फाटकात होती. होज जोडला, व्हॉल्व्ह उघडला. जोडातून शिट्टी आली. वॉशर फाटला होता. आम्ही मागे पळालो. क्षणभराने कुठूनशी ठिणगी मिळाली, फट्ट असा आवाज झाला आणि चेहऱ्याला झळ लागली. डोळ्यांना मात्र काहीच दिसेना. हायड्रोजनची आग दिवसा दिसत नाही.

व्हॉल्व्ह गाडीच्या अंगाला होता. कमलाकांतने खराटा उचलला, पुढे लांब धरला आणि माझ्यापुढे चालू लागला. खराट्याच्या काड्या हवेतच पेटल्या.

"हितून नको दादा! मागून फिरा!"

मी गाडीला वळसा घातला आणि व्हॉल्व्ह बंद केला. शिट्टी बारीक होत थांबली. पेटली होती ती जोडाजवळची धार तेवढीच. पलीकडचा गॅस केव्हाच हवेत विरला होता. कोणालाही चटकासुद्धा बसला नाही.

कमलाकांतने जळका खराटा पाण्यात बुडवला. सकाळी ताडपत्री होती तिथे वर बघितलं.

"वर कायच नाय, दादा."

"काहीच नाही."

तो सोडलेल्या झापांच्या ढिगावर बसला. हसत होता.

"शकूला सांगतो. लय चांगला व्यायाम झाला."

मीही शेजारी बसलो. पावसाची जोरदार सर आली. झाप बुडाखालीच होते. डोक्यावर घ्यायला आम्ही एकही उपसला नाही.