बागेतला बांध

चार माणसं एका कामावर काही महिने राहिली की किस्से गवतासारखे उगवतात, खुरपायला कुणी नसतं. सत्तर-एकाहत्तर साली मी नगरच्या पालिकेत ओव्हरसिअर होतो. तेव्हाच्या एका बागेचे हे किस्से.

डिझाईन पुण्याच्या कर्णिकसाहेबांचं. गुलाबबिलाब काही नाही! शेतासारखे तुकडे, त्यांत जिल्ह्यातली पिकं, फिरायला मधून बांध आणि पाट्यांवर शेतातले शब्द, मराठी, उर्दू, इंग्रजीत. नगराध्यक्ष स्वतः शेतकरी. नकाशा उलटासुलटा करून म्हणाले, "ह्यात शेत कुठं हाय? उद्घाटनाला मला शेत दिसलं न्हाई, तर तिथं गाळे बांधीन!"

साहेबांची ही पहिलीच बाग. त्यांचं जेवण कमी झालं.

*

माळी दोन. भाताच्या तुकड्यावर राजूरचा सखाराम, शेजारी बाजरीवर घोडेगावचा बबन. साहेबांनी बबनला विचारलं, "औत वळवताना बैलांना काय म्हणता? पाटीवर लिहायचंय."

बबन लाजला. "सायेब, ते पाटीवर लिवन्यासारखं न्हाई."

साहेबांनी फारच आग्रह केला, तेव्हा त्यानं सांगितलं. ती पाटी शेवटपर्यंत कोरी राहिली.

*

मग 'भात' लिहिलेली पाटी आली. बबन म्हणाला, "भात ताटात असतो. शेतात असती ती साळ."

सखाराम म्हणाला, "आमच्याकडं शेतातबी भात आन् ताटातबी भात."

"मग मधी शिजवता का न्हाई?"

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

*

बांधाची इंग्रजी पाटी दरवाज्यासमोरच होती. बी, यू, एन, डी. बाग बघायला आलेल्या एका रिटायर्ड मास्तरांनी ती मोठ्यानं वाचली, "बंद!" आणि मागची सगळी मंडळी घेऊन परत फिरले.

साहेब धावले. "अहो, बांध! बांध!"

"मला वाचता येतं," मास्तर म्हणाले.

*

नकाशात भात-बाजरीच्या मधला हा बांध दोन माणसं शेजारी चालतील एवढा रुंद होता. पुढे पुढे तो मला बारीक वाटायला लागला. पाहतो तर सकाळी सखाराम आपल्या बाजूनं कुदळीनं कोरतोय, दुपारी बबन आपल्या बाजूनं!

मी बबनला झापलं, "अरे, जमीन पालिकेची. तुझं काय जातंय?"

"माझं काईच न्हाई," बबन म्हणाला. "पन त्यो माझ्यात आलाय."

उद्घाटनाच्या सकाळी बांधावर जेमतेम एक पाऊल मावत होतं. माती टाकायला वेळ नव्हता. साहेबांचा चेहरा बघून मला खरंच वाईट वाटलं.

अध्यक्ष हारासकट, धोतर सावरत, पावलापुढे पाऊल टाकत निघाले. मध्यावर थांबले. वाकून दोन्ही बाजूंचे कुदळीचे घाव पाहिले. बाजरीकडे बघितलं, भाताकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच हसले.

"आता दिसलं शेत!"

मग साहेबांना जवळ बोलावून हळूच विचारलं, "केस कुठल्या कोर्टात हाय?"