बेंगळुरात चायनीज कुठं खावं: मालकांच्या सूपचा शोध

हे वाचून खाली "आज्जी, भारी!" असं लिहाल आणि परवा मलाच विचाराल, "ते सूपचं हॉटेल कुठलं हो?" गॅसवर दूध ठेवून मोबाइल बघत बसणारी माणसं तुम्ही, तुमच्या काय लक्षात राहणार! म्हणून सावकाश सांगते. मी निपाणीहून फोनवर बोलते आणि माझी नात मुक्ता बेंगळुरात बसून लिहून घेते. मला लिहाय-वाचाय येत नाही. ती मधेच माझं वाक्य सुधारते, मग मी तिला ते खोडायला लावते.

आम्ही बेंगळूरला गेलो ते काही चायनीज खायला नव्हे. आमच्या मालकांना, म्हणजे मुक्ताच्या आजोबांना, पावसाळ्यात मोठा ताप आला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. भाकरी नको, भात नको. तांबडा रस्सा केला तर वास घेऊन ताट सरकवलं. डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट चांगले आहेत, आता खायला घाला." जसं काही मी स्वयंपाकघराला कुलूप घातलं होतं! सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबायला लागला, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, दोघं इकडं या. हवापालट होईल."

निपाणीहून संध्याकाळची झोपायची बस धरली की सकाळी बेंगळूर. वयस्कर माणूस बरोबर असेल तर खालचीच जागा मागा. मुलाचं घर बनशंकरीत. हवा छान, झाडं छान, मालकांचं ताट मात्र तसंच भरलेलं.

तिसऱ्या दिवशी मुक्तानं मोबाइलवरून चायनीज मागवलं. ती तिखट-आंबट सूप पीत बसली होती. मालक पाणी प्यायला आले, तिच्याच चमच्यानं एक घोट घेतला आणि म्हणाले, "आणखी आहे?"

कित्येक दिवसांनी त्या माणसानं खायला मागितलं, आणि डब्यात उरलं होतं काय, तर मिरचीचं एक बी!

दुसऱ्या दिवशी तेच मागवायला गेलो तर ते हॉटेल मोबाइलवर दिसेना. मुक्ता म्हणाली, "आज्जी, अशी हॉटेलं कुणाच्या तरी स्वयंपाकघरातूनच चालतात. आज असतात, उद्या नसतात." मी म्हटलं, "मग ज्याला दार आहे, असं हॉटेल दाखव."

पहिल्यांदा आम्ही दोघी गेलो ते कोपऱ्यावरच्या गाड्यावर. बेंगळुरात शाळा सुटली की पोरं गोबी मंचुरीवर तुटून पडतात. प्लेट साठ-सत्तर रुपयांना. गाडेवाला मला म्हणाला, "अज्जी, खारा स्वल्प कम्मी माडला?" तिखट जरा कमी करू का, म्हणे! मी म्हटलं, "निपाणीची आहे बाबा, वाढव." गोबी कुरकुरीत, लसूण भरपूर, उभं राहून खायची तयारी असेल तर जरूर जा. पण सूप नव्हतं. मालकांसाठी गोबी नेली, त्यांनी एक तुकडा तोंडात धरला नि हळूच काढून ठेवला.

मग चामराजपेट. अरुंद गल्ली, तीन टेबलं, गल्ल्यावर बेळगावकडची बाई. "या अक्का, बसा," म्हणाली, तेव्हाच अर्धं पोट भरलं. मला मेनू वाचता येत नाही, त्याचा फायदा सांगते: मी शेजारच्या टेबलावर बघते आणि जे ताट पुसून खाल्लेलं दिसतं, ते मागवते. तुम्हीही करून बघा. तिथलं सूप फक्कड होतं. आमच्या स्टीलच्या डब्यात भरून घेतलं, रिक्षा केली. पण बेंगळूरच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षा म्हणजे घरच की. पोचेपर्यंत सूपची खळ झाली होती. गरम केलं तर गुठळ्या.

मालकांनी चमचा उभा करून बघितला. "हे तुझ्या साडीला लाव. कडक इस्त्री होईल."

"टोमणे मारायला ताकद आहे तुम्हाला, दोन घास खायला नाही!"

"मला निपाणीला ने," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

सकाळी मी सांगितलं, "सूप इथवर येत नाही. तुम्हीच चला."

"नको."

"का पण?"

मग म्हणाले, "हात थरथरतो गं. सांडतं. चार माणसांत लहान पोरासारखं टॉवेल बांधून बसू?"

बेंगळुरात आल्यापासून घराबाहेर पडत नव्हते ते यासाठी. मी अशक्तपणा समजत होते. तरी मी आणि मुक्तानं नेलंच. ते म्हणाले, "खाणार नाही, नुसता बसेन." मी म्हटलं, "बरं, बसा."

बनशंकरीहून मेट्रो, मॅजेस्टिकला बदलायची, एमजी रोडला उतरायचं. लिफ्ट आहे, साडेअकरानंतर बसायला जागा मिळते. तिथून जवळच एक जुनं हॉटेल आहे, दाराला लाल कंदील. मालकीणबाई माझ्याच वयाच्या. त्यांचे आजोबा चीनमधून आलेले, पण या कानडीत म्हणाल्या, "बन्नी, कूतकोळ्ळी." या, बसा. आमच्या शेजारच्या टेबलावर त्या स्वतः जेवत होत्या.

सूप आलं. मालकांनी चमचा उचलला. ओठापर्यंत जाईस्तोवर निम्मं टेबलावर. चमचा ठेवून त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले. मुक्ता काही बोलणार, तेवढ्यात मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला आणि कंदिलाकडं बघत बसले.

शेजारी मालकीणबाईंनी वाटी दोन्ही हातांनी उचलली, ओठाला लावली आणि सुर्रकन आवाज करत रिकामी केली. आजूबाजूला कुणी मान वळवली नाही. त्यांच्यात तशीच रीत.

मालक बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही तळव्यांत आपली वाटी धरली. हात थरथरत होते, पण एकाला दुसरा सावरत होता. थेंब सांडला नाही. वाटी खाली ठेवून म्हणाले, "मीठ कमी आहे."

मीठ कळलं हो माझ्या माणसाला!

"सांगू त्यांना?"

"राहू दे. आणखी एक वाटी सांग."

सूप, नूडल्स, आल्यातलं चिकन, तिघांचं दीड हजाराच्या आत झालं. महाग वाटेल, पण वाढतात पोटभर. नंतर आम्ही वरचेवर गेलो. शेवटी तर मेट्रोचं कार्ड मालकच मुक्ताकडून मागून घ्यायचे.

आता निपाणीला परत आलोय. काय उरलं म्हणाल, तर मालक सगळं वाटी उचलून पितात: आमटी, आंबील, ताक. परवा भावकीतल्या लग्नात पंगतीला बसले, चार माणसांत. व्याही टक लावून बघायला लागले, तर म्हणाले, "बेंगळूरची रीत आहे, शिकून घ्या."

मुक्ता, हे पुढचं तुला. सूपची पाकिटं पाठवू नकोस, आजोबांना सूपचा आता कंटाळा आलाय म्हणे. तिकडची तांबडी कडबोळी, कोडबळी म्हणतात ना, ती पाठव, पत्र्याच्या डब्यात, बसवाल्याकडं. कडक बघून घे, मऊ पडलेली नकोत. आजोबा चावून खायचं म्हणतायत.