तळ्याभोवती एक फेरी

पांडेसरा या मिलच्या भागातल्या वस्तीमागच्या तळ्याभोवती बाग झाली, त्याला चार वर्षं झाली. तिथं नवऱ्याबरोबर, दगाबरोबर, एक फेरी मारायचं सुंदरानं मनात घेतलं, त्यालाही चारच. मागणं काही मोठं नव्हतं. साडी नको होती. परक्यांच्या साड्या मांडीवर घेऊन सुटे धागे कापण्यातच तिचा दिवस जायचा. पण लग्न होऊन धुळ्याकडून आल्यापासून ती दगाबरोबर चालली ती फक्त बाजाराला आणि दवाखान्याला.

आता एवढंसं जमायला काय हरकत होती? पण नाही. दगाच्या कापडमिलची सुट्टी सोमवारी, तर बागही साफसफाईसाठी सोमवारीच बंद. दिवसपाळी रात्री आठला सुटायची, बागेचं फाटक आठलाच लागायचं. हे ज्या शहाण्यानं ठरवलं त्याला एकदा रंगखात्यात बारा तास उभं करावं, असं तिला वाटे. उरली रात्रपाळीची सकाळ. तो सुटणार आठला, बाग सकाळपुरती मिटणार दहाला. पण दगा घरी येऊन आडवा व्हायचा आणि उद्या जाऊ म्हणायचा. त्या उद्यानं तिचं डोकं उठवलं होतं.

म्हणून या रविवारी सकाळी, रात्रपाळी सुटायच्या वेळी, तिनं घराला कुलूपच घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि बागेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. शेजारणीपाशी ठेवलेला निरोप मिळाल्यावर दगा कुरकुरत आला. हातात रिकामा डबा, नखांत निळा रंग.

"पाच मिनिट बसूत, मंग फिरूत," तो म्हणाला. बाकावर टेकला आणि बसल्या बसल्या झोपला.

सुंदराला संतापानं रडूच आलं. पाच मिनिटांची पन्नास झाली. समोरून एक म्हातारं जोडपं भाजीच्या भावावरून भांडत तिसऱ्यांदा गेलं. तिला त्यांच्या भांडणाचाही हेवा वाटला. दोनदा तिनं त्याला हलवायला हात उचलला, आणि दोनदा मागे घेतला. बाहेर आणलं तरी हा माणूस मिलचाच, तिला काही तो मिळत नाही, हे तिला फार लागलं.

तेवढ्यात रखवालदार आला. बागेत झोपायची मनाई आहे, उठवा त्यांना, म्हणाला आणि काठी बाकावर आपटायला उचलली. इतका वेळ दगावर साचलेला राग रखवालदारावर निघाला.

"सोये नहीं हैं, बैठे हैं," ती म्हणाली. "आप जाओ."

दगाची मान छातीवर लोंबत होती, तोंड उघडं होतं. रखवालदारानं ते पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि गेला.

मग ती उठली. डबा त्याच्या मांडीवरून पडेलसा वाटला, तो नीट खाली ठेवला आणि एकटीच चालायला लागली. पाण्याकडे तिचं फारसं लक्ष नव्हतं. प्रत्येक वळणावर ती मागे वळून बाक बघत होती.

परत आली तेव्हा दगा जागा होऊन घाबऱ्या घाबऱ्या चहूकडे बघत होता. तिला पाहताच तो लगबगीनं उठला. "चाल, फिरूत," म्हणाला, आणि दहाची शिट्टी वाजली.

"मनी फेरी व्हई गई," सुंदरा म्हणाली.

फाटकापाशी आल्यावर त्यानं हळूच विचारलं, "कशी शे फेरी?"

तिनं कमरेची किल्ली काढून त्याच्या हातात दिली.

"एकलीले लय लांब वाटस," ती म्हणाली.