बोटांना लागणारे ठोके

प्रसूतीच्या वॉर्डात त्यांना ‘बघू सिस्टर’ म्हणत. सगळं नीट होईल ना, असं कुणी विचारलं की त्या फक्त ‘बघू’ म्हणायच्या. नातेवाईक चिडायचे. पण गर्भाशयातली वार वेळेआधी सुटली किंवा नाळ दाबली गेली, की पोटातल्या बाळाचा प्राणवायू तुटतो, आणि धडधाकट बाळ हातचं जातं, हे सिस्टरबाईंनी पाहिलं होतं. खोटा धीर द्यायला त्यांची जीभच रेटत नसे.

घरीही तेच. बाळ पायाळू आहे हे कळल्यावर सून रडली, तर ह्या म्हणाल्या, बघू. तेव्हापासून सुनेने अबोला धरला. जेवायला वाढलंय एवढंसुद्धा ती नवऱ्यामार्फत कळवी. तो बिचारा पोस्टमनसारखा दोन खोल्यांत हेलपाटे घाली.

ऑपरेशनची तारीख पुढच्या आठवड्यातली होती. एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना सुनेची पाणमोट फुटली आणि पाण्याबरोबर नाळ खाली आली. सिस्टरबाईंनी एका नजरेत ओळखलं. सुनेला गुडघ्यांवर ओणवं केलं, हात आत घातला आणि नाळेवर भार येऊ नये म्हणून बाळाला वर रेटून धरलं. मुलाला अँब्युलन्स बोलवायला सांगितलं.

गाडीत सुनेने अबोला मोडला.

“आई, बाळ आहे ना?”

“आहे. ठोके लागताहेत बोटांना.”

ते खरं होतं. पण गाडी सिग्नलला अडकली तेव्हा ठोके मंदावले, मग लागेनासेच झाले. हात बधिर झालाय की बाळ गेलंय, कळेना. सुनेने पुन्हा विचारलं.

“आहे,” त्या म्हणाल्या. “अगदी छान आहे.”

हॉस्पिटलात ऑपरेशन करून बाळ बाहेर काढेपर्यंत त्यांचा हात जागचा हलला नाही. मुलगी झाली, निळी, गप्प. डॉक्टरांनी मास्क लावून श्वास दिला. बऱ्याच वेळाने ती कुरकुरली. रडली म्हणणं जास्तच होईल. पुढचे काही दिवस ती काचेच्या पेटीत होती.

ती पहिल्यांदा सुनेच्या कुशीत आली, त्या दिवशी सिस्टरबाईंना राहवेना.

“गाडीत खोटं बोलले मी. दुसऱ्यांदा विचारलंस तेव्हा मला काहीच लागत नव्हतं.”

“कळलं होतं मला,” लेकीवरची नजर न काढता सून म्हणाली. “पण तुम्ही हात काढला नाहीत. म्हणून मी तिसऱ्यांदा विचारलं नाही.”