कानस मारलेली पिन

ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमध्ये आमच्या शेजाऱ्याने घर विकलं, तेव्हा बिअर उकळायचं मोठं स्टीलचं पातेलं मला देऊन टाकलं. तळाशी हीटर बसवलेलं. तीन वर्षं शनिवारी दुपारी मी त्याच्या गॅरेजमध्ये मॉल्ट ढवळायला जायचो, पण प्लग नेहमी तोच लावायचा. पाणी तापताना बारीक आवाज सुरू झाला की मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जाऊन उभा राहायचो.

त्या दिवशी पहिल्यांदा वायर माझ्या हातात आली. प्लग पंधरा अँपचा. त्याची अर्थची पिन मुद्दाम रुंद ठेवलेली असते, घरातल्या साध्या दहा अँपच्या सॉकेटमध्ये ती जाऊ नये म्हणून. इथे ती कानस मारून बारीक केली होती.

"नो वरीज, मेट," तो म्हणाला. "अर्थ आहेच की. जरा घासलीय इतकंच."

तसं खोटं नव्हतं ते. अर्थ शाबूत होती. धोका होता तो सॉकेट तापण्याचा, आणि त्याच्या भिंतीवरचं सॉकेट एका बाजूने तपकिरी पडलंच होतं. मी इंजिनिअर आहे, मला हे सगळं कळत होतं. तरी मी तिथेच फरशीवर बसलो.

मी सेकंड इयरला असताना पुण्याच्या घरी बादलीत सोडायचा रॉड होता. त्याचा तीन पिनांचा मोठा प्लग बाथरूमबाहेरच्या सॉकेटमध्ये बसेना. मी तो कापून दोन पिनांचा लावला. अर्थची हिरवी वायर उरली, ती दुमडून आत कोंबली.

"बघ, बसला," मी ताईला म्हणालो.

"चला, घरात इंजिनिअर असल्याचा उपयोग झाला."

महिन्याभराने रॉडला चीर गेली. पाणी कितपत तापलंय ते बघायला ताईने बादलीत हात घातला.

रॉड खराब निघाला, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणत आलो. बायकोलाही तेवढंच माहीत होतं.

पातेलं घरी आणलं आणि तो प्लग मी कापून फेकला. मग कितीतरी दिवस ऑफिसातून आल्यावर कनेक्टर बघत बसायचो. वाफेत टिकेल असा, फिरवून लॉक होणारा, पंधरा अँप सोसणारा. भोकांची बाजू वीज येते त्या वायरला, पिनांची बाजू पातेल्याला, म्हणजे जोड सुटला तरी उघडी पिन जिवंत राहणार नाही. जोडताना अर्थ सगळ्यात आधी लागली पाहिजे, काढताना सगळ्यात शेवटी सुटली पाहिजे. मनासारखा मिळाला, तरी तो मी स्वतः बसवला नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने गॅरेजमध्ये वेगळी लाइन ओढली, सेफ्टी स्विच लावला, जोड दोनदा तपासला.

"एका कनेक्टरसाठी एवढं?" बायकोने विचारलं. तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आईंना सांग."

रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर सांगितलं. आई शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"माहितीये मला," ती म्हणाली. "ह्यांनी दुसऱ्या दिवशी तो प्लग उघडून बघितला होता. परत स्क्रू लावले आणि मला म्हणाले, त्याच्याकडे हा विषय काढायचा नाही."

"कधीच?"

"तू शिक्षण सोडलं असतंस. आणखी एक गमवायचं होतं का आम्ही?"

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. सुट्टीत घरी गेलो आणि पंखा बंद पडलेला दिसला, की मी स्टूल ओढायचो. बाबा म्हणायचे, "तू राहू दे, वायरमन येतोय." एवढं शिकून यांचा माझ्यावर विश्वास नाही, म्हणून मी मनात चिडायचो. एकदा बोलूनही दाखवलं होतं. त्यांनी मान खाली घातली आणि स्टूल उचलून आत नेलं.