रविवारचं कार्ड

पोस्टाच्या काउंटरवर आले की मिस्त्री पोस्टकार्ड हातात घ्यायचे, डोळे मिटायचे आणि त्याची कड चिमटीत धरायचे. "ह्ये नगं. त्याच्या खालचं द्या."

एक कोरं कार्ड दुसऱ्यापेक्षा वेगळं ते कसं असणार, हे मला पहिले सहा महिने कळलं नाही. बरं, या माणसाने कधी कुणाला पत्र लिहिलं नाही. पत्रपेटीकडे ढुंकूनही बघितलं नाही. कार्ड घ्यायचं आणि खिशात न घालता उघड्या तळहातावर धरून चालू पडायचं. आमच्या पोस्टात त्यावर दोन तर्क होते. एक म्हणजे बाई, दुसरा जादूटोणा. मी बाईच्या बाजूचा होतो.

शेवटी एकदा राहवलं नाही म्हणून मी त्यांच्या मागोमाग गेलो. उद्यमनगरच्या टोकाला पत्र्याची शेड होती. बाहेर लढाईनंतर लष्कराच्या लिलावात निघालेल्या तीन-चार टू-स्ट्रोक फटफट्या उभ्या. मिस्त्रींनी कार्डाची बोटभर पट्टी कापली. पिस्टनची नवी रिंग सिलिंडरमध्ये ठेवून पिस्टनच्याच माथ्याने सरळ ढकलली आणि रिंगेच्या दोन टोकांमधल्या फटीत ती पट्टी घालून बघितली. पट्टी अडली. रिंग काढून टोकावर कानशीचे दोन हात मारले, पुन्हा पट्टी. ती अलगद सरकेपर्यंत हे चालायचं.

"रिंग तापली की वाढती, मास्तर. तिला हातपाय पसराय जागा लागती की. कमी ठिवली तर सिलिंडर धरून बसती. जास्त ठिवली तर चढाला दम न्हाय."

ही फट मोजायचं त्यांचं पोलादी गेज कुणीतरी उसनं नेलं होतं, ते नेलंच. तेव्हापासून कार्डाची जाडी हेच माप. पण नेम असा की प्रत्येक इंजिनाला नवं कार्ड, कारण पट्टी वापरून चपटी होते.

"आणि मापात चूक झाली तर?"

"घासायचं ऱ्हायलं तर आनखी घासता येतंय. घासल्यालं परत येत न्हाय."

हे वाक्य दिवसातून दहा वेळा व्हायचं. घरी भाजीत मीठ पडतानासुद्धा ते हेच ऐकवतात, अशी त्यांच्या मालकिणीची तक्रार होती.

शाहूवाडीकडच्या दवाखान्यातले एक डॉक्टर त्यांचं गिऱ्हाईक. डोंगरातल्या वाड्यांवर ते फटफटीवरूनच जायचे. त्यांना उसंत फक्त रविवारी, म्हणून फटफटीचं दुखणंही रविवारीच कोल्हापुरात यायचं. अशाच एका रविवारी नव्या रिंगा बसवायच्या होत्या आणि शेडमध्ये कार्ड शिल्लक नव्हतं. पोस्ट बंद. सुट्टीच्या दिवशी मास्तरला कशाला तरास, असं म्हणून मिस्त्रींनी आदल्या दिवशीची दाबलेली पट्टी वापरली. माझं घर तिथून पाच मिनिटांवर होतं.

पुढच्या रविवारी डॉक्टर ती फटफटी ट्रकात घालून परत घेऊन आले. चपट्या पट्टीमुळे फट कमी राहिली होती; चढावर रिंगेने सिलिंडर धरला आणि इंजिन जाम झालं. डॉक्टर तेव्हा एका अडलेल्या बाईकडे निघाले होते. बॅग घेऊन दोन कोस चालत गेले. पोचले तोवर सुईणीने बाईला सोडवलं होतं. बाई वाचली, मूलही वाचलं. डॉक्टर भला माणूस, म्हणाले, "माझ्याकडूनच पेट्रोलमध्ये तेल कमी पडलं असेल."

"त्याल बरोबर हाय. चूक माझी हाय," मिस्त्री म्हणाले आणि तडक माझ्या दारात आले. झालेलं सगळं सांगितलं. "सुईणीमुळं वाचली ती, मास्तर. माझ्यामुळं मेली असती. आता ह्या मापाच्या रिंगांचा शेवटचा जोड ऱ्हायलाय. कार्ड पायजे."

"पोस्ट बंद आहे. किल्ल्या मोठ्या साहेबांकडे."

"लिवल्यालं चालंल. दाबल्यालं नगं."

घरात तारेला ओवलेली जुनी पत्रं होती. मिस्त्री ती मांडीवर घेऊन बसले आणि एकेकाची कड चिमटीत धरू लागले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ह्ये."

ते माझ्या वडिलांचं होतं. त्यांचं शेवटचं. मी ते घ्यायला हात पुढे केला तसं मिस्त्रींनी वर बघितलं. "कुणाचं हाय?"

"वडिलांचं."

त्यांनी ते लगेच बाजूला ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसरं मनासारखं मिळेना. खरं सांगतो, मला ते द्यायचं नव्हतं. पण डॉक्टरांना दिवस बुडायच्या आत परत पोचायचं होतं, आणि मिस्त्री काही मागत नव्हते, नुसते बसून होते. मीच ते कार्ड त्यांच्या हातात दिलं. माझ्या बायकोची कात्री घेऊन त्यांनी एकाही अक्षराला धक्का न लावता कोऱ्या कडेची पट्टी कापली.

त्या दिवशी रिंगा बसवून ते स्वतः डॉक्टरांच्या मागे बसले. पन्हाळ्याकडचा चढ पार झाल्यावरच खाली उतरले आणि एका ट्रकला हात करून परत आले. दिवेलागणीला माझ्या उंबऱ्यात उभं राहून एवढंच म्हणाले, "दम हाय."

तेव्हापासून दर शनिवारी काउंटरवर ठरलेलं मागणं यायचं. "दोन द्या. एक रविवारचं." मी आधीच गठ्ठ्यातून चांगली दोन चिमटीने निवडून ठेवायला लागलो होतो. आमच्या पोस्टात आता तर्क माझ्याबद्दल सुरू झाले.

मिस्त्री गेले त्यानंतर काही दिवसांनी त्यांच्या मालकीण काउंटरवर आल्या. तंबाखूची डबी पुढे ठेवली. आत तेलाने काळी झालेली एक पट्टी होती. "बाकीच्या फेकायचे. ही न्हाय फेकली कधी. मास्तरच्या वडलांची हाय म्हनायचे."

घरी येऊन मी ती कार्डाच्या कापलेल्या कडेला लावली. बरोबर बसली. दोन्ही एकत्र तारेला ओवून ठेवली. पट्टीचं तेल हळूहळू कार्डात उतरत वडिलांच्या सहीपर्यंत आलं आहे. मी ते पुसायला गेलो नाही.