सुपारीचा मान

आमच्या मराठी मंडळाची एक पद्धत आहे. वर्षभरात ज्यांचं लग्न झालं असेल, त्या जोडप्यानं गणपतीची पहिली पूजा करायची. माझी लेक इथे परदेशातच, ॲडम्सटाउनमध्ये वाढली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. लहानपणी हॉलमध्ये पुढे बसून ती पूजेच्या त्या दोन पाटांकडे टक लावून बघायची आणि घरी येताना म्हणायची, "वन डे दॅट्स मी, आई."

एकवीस सालच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, कॉर्कच्या एका आयरिश मुलीशी. रजिस्ट्रारच्या ऑफिसात, तोंडाला मास्क लावून, मोजक्या माणसांत. सून गुणाची. गणपतीत आपल्याला पाटावर बसायचंय म्हणून ती मांडी घालायचा सराव करायची. पायाला मुंग्या यायच्या, तरी उठायची नाही.

मी मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. ते सिटीवेस्टच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. म्हणाले, "वहिनी, माझी काहीच हरकत नाही हो. पण लोकांना विचारायला हवं."

झालं! मंडळाच्या घटनेत पूजेला नवरा-बायकोच हवेत असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते आता लिहून टाकायचं का, यावर झूमवर मतदान ठेवलं. एका घराला एक मत. आमचं सभासदत्व ह्यांच्या नावावर, म्हणजे मतही ह्यांचं. एकेका खिडकीतून हात वर व्हायला लागले. ज्यांच्या बाळंतपणात मी डिंकाचे लाडू पोचवले, ज्यांच्या पोरांना शाळेतून आणून वरणभात भरवला, त्यांचे हात. आणि आमचे हे? माझ्या शेजारी बसून चष्मा पुसत राहिले. ना हो, ना नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नियम पास झाला. "लोकांचा कौल आहे, वहिनी," अध्यक्ष म्हणाले, "मी काय करणार?"

बरं. घटनेप्रमाणे नियमाला हरकत घेता येते ना? मी घेतली. पुन्हा झूम, पुन्हा त्याच खिडक्या.

"गेल्या वर्षी पूजेला कोण बसलं होतं?" मी विचारलं.

"मीच की," अध्यक्ष म्हणाले.

"आणि शेजारी?"

लॉकडाउनमुळे त्या वर्षी कुणाचं लग्नच झालं नव्हतं, म्हणून मान अध्यक्षांकडे आला, आणि त्यांची बायको नागपूरला अडकली होती. मग पुण्याचे गुरुजी फोनवरून म्हणाले, पत्नी नसेल तर तिच्या जागी कमरेला सुपारी खोचून बसा, शास्त्राला चालतं. हे गृहस्थ बसले सुपारी खोचून, आणि आम्ही सगळ्यांनी स्क्रीनवरून भक्तिभावानं हात जोडले.

"म्हणजे सुपारी चालते," मी म्हटलं, "आणि माझ्या लेकीची हाडामासाची, जिवंत बायको चालत नाही?"

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच म्यूट झालं. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, ते शास्त्रात आहे. आणि आपल्याकडे तरी हे लग्न कुठे मान्य आहे? दिल्लीच्या कोर्टात अर्ज आहेतच लोकांचे. निकाल लागू दे, मग बघू."

अहो, राहता कुठे तुम्ही? याच देशातल्या लोकांनी मतं देऊन माझ्या लेकीला हा हक्क दिला, तेव्हा हेच अध्यक्ष ऑफिसात छातीवर इंद्रधनुष्याचा बिल्ला मिरवत होते. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे! इथल्या माणसांनी मत देऊन दार उघडलं, आणि आमच्या माणसांनी मत देऊन लावून घेतलं. माझी हरकत फेटाळली. तेच हात वर, आणि ह्यांचा तोच चष्मा.

लेकीला सांगितलं. "इट्स ग्रँड, आई," म्हणाली; इथे ग्रँड म्हणजे ठीक आहे, चालतंय. कसलं डोंबलाचं ग्रँड! पूजेसाठी काढलेली हिरवी नऊवारी तिनं पुन्हा घडी करून कपाटात ठेवली. मग बाबांकडे वळली. "यू डिडन्ट व्होट अगेन्स्ट अस, डिड यू?"

"नाही गं बाळा, मी नाही म्हटलंच नाही."

"बट यू डिडन्ट से येस आयदर."

हे पुन्हा चष्मा पुसायला लागले. दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही.

चतुर्थीला सकाळी मी मोदक वळत होते. मंडळाच्या नैवेद्याचे मोदक दर वर्षी माझ्याच हातचे असतात. फोन वाजला. अध्यक्ष! "वहिनी, मोदक न्यायला कुणाला पाठवू?" बघा, आहे का लाज! मी तोंड उघडणार, तेवढ्यात ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"मोदक आम्हालाच लागणार आहेत, घरी पूजा आहे," हे म्हणाले. "तुम्ही नैवेद्याला सुपारी ठेवा. शास्त्राला चालतं."

इतक्या वर्षांच्या संसारात मला ह्यांचं एवढं कौतुक कधी वाटलं नव्हतं. मग ह्यांनी स्वतः दोन पाट मांडले. लेक नऊवारी नेसून आली, सून पदर सावरत धडपडत मांडी घालून बसली. पूजा झाली. ह्यांनी मुठीत अक्षता घेतल्या आणि दोघींच्या डोक्यावर टाकायला हात वर केला.

लेकीनं त्या हाताकडे पाहिलं. "बाबा," ती म्हणाली, चक्क मराठीत, "हा हात तेव्हा वर करायचा होता."